निविदा : शब्दाचा अर्थ आणि कायद्यातील उपयोग

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील वनालगतच्या गावांत तेंदूच्या झुडपांची छाटणी होऊन नवी पालवी फुटू लागली की एक शब्द प्रत्येकाच्या तोंडी ऐकू येतो. तो शब्द म्हणजे निविदा. ग्रामसभेने निविदा काढली, अमक्या ठेकेदाराने निविदा भरली, निविदा उघडली, निविदा फुटली, अशी वाक्ये चावडीवर आणि आठवडी बाजारात सारखीच कानी पडतात. ऊर्जानगरसारख्या वसाहतीत तर वर्षाचे बाराही महिने हा शब्द सुटत नाही. औष्णिक विद्युत केंद्राला लागणारी लहानमोठी कामे, वाहतूक, साफसफाई, दुरुस्ती ही सर्व निविदेच्या मार्गानेच दिली जातात, व आसपासच्या खेड्यांतील कितीतरी तरुण या कामांवर रोजगारास आहेत. इतक्या रोजच्या वापरातील या शब्दाचा कायद्यातील नेमका अर्थ मात्र फारच थोड्यांना ठाऊक असतो. तो ठाऊक नसल्यामुळे गावाचे पैसे अडकतात, म्हणून त्याचा येथे थोडा विस्ताराने विचार करावयाचा आहे.

प्रथम शब्द पाहू. ‘विद्’ म्हणजे जाणणे. त्याला ‘नि’ हा उपसर्ग लागून व प्रयोजक रूप होऊन जाणविणे, कळविणे, पुढे ठेवणे असा अर्थ येतो. निवेदन हा शब्द त्याच कुळातील. देवापुढे ठेवावयाचा नैवेद्य तोही त्याच कुळातील. इंग्रजीतून आपल्याकडे रुळलेला टेंडर हा शब्दही हात पुढे करणे, समोर धरणे अशा अर्थाच्या लॅटिन धातूवरून आलेला आहे. म्हणजे दोन्ही भाषांत मूळ कल्पना एकच आहे. एकाने काहीतरी पुढे धरावयाचे आणि ते घ्यावे की न घ्यावे हे दुसऱ्याने ठरवावयाचे. शासकीय मराठीत ‘देकार’ असाही एक सुटसुटीत शब्द आहे. तो खेड्यात फारसा रुळला नाही याचे वाईट वाटते, कारण देऊ करणे हा अर्थ त्यात उघड दिसतो.

लिलाव हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. विदर्भात बाजाराच्या किंवा गुरांच्या कोंडवाड्याच्या ठेक्याला जुनी माणसे अद्यापही हर्रास म्हणतात. लिलावात बोली सर्वांसमक्ष तोंडाने बोलली जाते, निविदेत ती लेखी व बंद लिफाफ्यात असते. दोन्हींचा कायद्यातील पाया मात्र एकच आहे.

तो पाया म्हणजे भारतीय संविदा अधिनियम, १८७२. या कायद्याच्या दुसऱ्या कलमात प्रस्तावाची व्याख्या दिली आहे. दुसऱ्याची संमती मिळावी या हेतूने, एखादी गोष्ट करण्याची अथवा न करण्याची आपली तयारी जो कळवितो तो प्रस्ताव करतो. दुसऱ्याने संमती कळविली म्हणजे प्रस्ताव स्वीकारला गेला, व स्वीकारलेला प्रस्ताव हे वचन झाले. निविदा हा प्रस्तावाचाच एक प्रकार होय.

येथेच व्यवहारातील सर्वांत मोठा घोटाळा उद्भवतो. आपण म्हणतो, ‘ग्रामसभेने निविदा काढली.’ वास्तविक ग्रामसभा निविदा काढीत नाही. ती काढते ती निविदा सूचना. सूचना म्हणजे प्रस्ताव नव्हे. या, आपापले प्रस्ताव आमच्यापुढे मांडा, असे ते आमंत्रण होय. निविदा भरतो तो ठेकेदार, म्हणून प्रस्ताव करणारा ठेकेदार असतो आणि स्वीकारणारी ग्रामसभा असते. बोलण्यातील हा फरक वरवर क्षुल्लक वाटेल, परंतु पुढचे सर्व हक्क त्यावरच अवलंबून आहेत. सूचना हाच जर प्रस्ताव असता, तर जो कोणी सर्वांत जास्त दर लिहून लिफाफा टाकील त्याच्याशी त्याच क्षणी करार झाला असता आणि ग्रामसभेच्या हाती काहीच उरले नसते. सूचना हे केवळ आमंत्रण असल्यामुळे कोणतीही निविदा नाकारण्याचा, किंबहुना सर्वच नाकारून नव्याने सूचना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे राहतो. सूचनेच्या शेवटी ‘कोणतीही अथवा सर्व निविदा कारण न देता नाकारण्याचा अधिकार राखून ठेवला आहे’ असे वाक्य असते, ते याच कारणास्तव. शासकीय किंवा सार्वजनिक संस्थेला मात्र या वाक्याच्या आडून मनमानी करता येत नाही. मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या ठेक्याबाबत १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय या बाबतीत प्रसिद्ध आहे. सूचनेत किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला नोंदणीकृत दुय्यम श्रेणीचा हॉटेलचालक हवा, अशी अट होती आणि ठेका दिला गेला तो ही अट पूर्ण न करणाऱ्याला. ज्याने स्वतः अट घातली त्याने ती स्वतः पाळलीच पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. ग्रामसभेने हाच दंडक आपल्यालाही लागू आहे असे समजून चालावे.

आपल्या भागात हा विषय इतका जवळचा का झाला, हेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात १९६९ च्या कायद्याने तेंदूपानाचा व्यापार शासनाच्या हाती गेला. बांबू कित्येक वर्षे कागद गिरणीला दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिला जात असे. या दोन्ही व्यवहारांत गावकऱ्यांचा संबंध मजुरीपुरताच होता. पुढे १९९६ चा पेसा कायदा व २००६ चा वनहक्क कायदा झाला. वनहक्क कायद्याच्या व्याख्येत बांबू व तेंदूपान ही दोन्ही गौण वनोपजात स्पष्टपणे घातलेली आहेत, आणि ती गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क मान्य झालेला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी तेथे येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्यानंतर अनेक ग्रामसभा स्वतःच विक्रेत्या झाल्या. काल मजुरी घेणारे गाव आज निविदा सूचना देणारे झाले. निविदेचा कायदा समजून घेण्याची गरज ठेकेदाराला पूर्वीपासून होती आणि त्याच्याजवळ वकीलही होता. आता ती गरज गावाला आहे.

आता निविदा स्वीकारली गेली असे केव्हा म्हणावे? कायद्याचे सातवे कलम सांगते की स्वीकृती पूर्ण व बिनशर्त असली पाहिजे. ‘आपली निविदा मान्य, परंतु दर पाचशे रुपयांनी वाढवावा’ असे पत्र ग्रामसभेने दिले तर ती स्वीकृती होत नाही. तो ग्रामसभेचा नवा प्रस्ताव झाला, व जुना प्रस्ताव त्यामुळे संपला. इंग्लंडमध्ये १८४० साली एका शेताच्या विक्रीत असेच घडले. विकणाऱ्याने १००० पौंड सांगितले, घेणाऱ्याने ९५० देऊ केले. ते नाकारले जाताच घेणारा म्हणाला, बरे, मग १००० घ्या. न्यायालयाने सांगितले की ९५० म्हणताक्षणीच १००० चा प्रस्ताव मोडीत निघाला आणि तो पुन्हा जिवंत करणे घेणाऱ्याच्या हाती नाही. आपल्याकडे वाटाघाटीची सवय मोठी. निविदा उघडल्यावर ठेकेदाराला बोलावून ‘थोडे वाढवा’ म्हणणे हे तर ठरलेलेच. वाढवून घेण्यास हरकत नाही, परंतु वाढीव दर ठेकेदाराकडून त्याच्या सहीने लेखी घ्यावा आणि मग त्या लेखाला बिनशर्त स्वीकृती द्यावी. नाहीतर दोन्ही बाजूंचे नुसते बोलणे उरते.

बांबूसंबंधीच एक निर्णय आहे, तो गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तत्कालीन बिहार राज्यातील हजारीबाग जिल्ह्यात बांबूच्या एका कूपाचा लिलाव झाला. राखीव किंमत ९५,००० रुपये होती आणि सर्वांत मोठी बोली आली ९२,००१ रुपयांची. वन अधिकाऱ्याने बोली घेतली, परंतु अंतिम मंजुरी शासनाकडून यावयाची होती. कागद वर गेले. दरम्यान त्या बोलीदाराने राखीव किमतीला कूप घेण्याची तयारीही दाखविली. परंतु शासनाची मंजुरी त्याच्यापर्यंत रीतसर कळविली जाण्यापूर्वीच दुसऱ्याने अधिक रक्कम देऊ केली व निर्णय फिरला. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पहिल्या बोलीदाराशी करार झालेलाच नव्हता. वरिष्ठांच्या मंजुरीच्या अटीवर घेतलेली बोली ही तात्पुरती असते, आणि मंजुरी ज्याची त्याला कळविल्याखेरीज ती पूर्ण होत नाही. फाईलमध्ये लिहिलेला होकार हा होकार नव्हे.

हा नियम ग्रामसभेच्या बाजूने उपयोगी पडतो तसा तो तिच्यावर उलटूही शकतो. समितीच्या चार सदस्यांनी निविदा उघडून एकाला ‘तुमचे झाले’ असे सांगितले, पण ठराव ग्रामसभेपुढे यावयाचा राहिला, तर करार झाला की नाही याचाच वाद उत्पन्न होतो. म्हणून सूचनेतच लिहावे की निविदा ग्रामसभेच्या ठरावाने स्वीकारली जाईल व स्वीकृती लेखी पत्राने कळविली जाईल. अधिकार कोणाचा हे एकदा लिहिले म्हणजे सदस्यांवर रात्री-अपरात्री येणारे दडपणही कमी होते.

तोंडी होकाराचा प्रश्न यालाच लागून येतो, आणि त्याचा प्रसिद्ध खटला आपल्या विदर्भातीलच आहे. १९५९ साली अहमदाबादच्या एका व्यापाऱ्याने खामगावच्या एका जिनिंग व तेल गिरणीकडून टेलिफोनवर सरकीची ढेप खरेदी केली. माल आला नाही, तेव्हा त्याने अहमदाबादच्या न्यायालयात दावा लावला. खामगावकरांचे म्हणणे असे की आम्ही होकार येथून बोललो, तेव्हा करार येथे झाला व दावाही येथेच चालावा. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६५ साली बहुमताने असा निर्णय झाला की टेलिफोनवरील होकार जेथे ऐकू जातो तेथे करार पूर्ण होतो, म्हणजे अहमदाबादेत. पत्राचा नियम निराळा आहे. स्वीकृतीचे पत्र टपालात टाकून ते आपल्या हाताबाहेर गेले की प्रस्ताव करणारा बांधला जातो. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी मात्र भिन्नमत नोंदविले. ते पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. कायद्याच्या शब्दांप्रमाणे टेलिफोनलाही टपालाचाच नियम लावावा व करार खामगावी झाला असे मानावे, असे त्यांचे म्हणणे होते. या खटल्यापासून घ्यावयाची गोष्ट सरळ आहे. मोबाईलवर सहज उच्चारलेला ‘हो’ कायद्याने बांधणारा होऊ शकतो, आणि पुढे भांडण उभे राहिले तर ते आपल्या गावापासून फार दूरच्या न्यायालयात चालू शकते. करारपत्रात ‘या करारासंबंधीचा वाद गडचिरोली येथील न्यायालयातच चालेल’ असे एक कलम घालावयास काहीच खर्च येत नाही. त्या न्यायालयाला मुळात अधिकार असला म्हणजे झाले.

निविदा मागे घेता येते काय? पाचव्या कलमाप्रमाणे स्वीकृती कळविणे पूर्ण होईपर्यंत प्रस्ताव मागे घेता येतो. लिलावातही तसेच आहे. माल विक्री अधिनियम, १९३० च्या ६४ व्या कलमानुसार हातोडा पडेपर्यंत किंवा अन्य रूढ रीतीने लिलाव पूर्ण झाल्याचे जाहीर होईपर्यंत बोलीदाराला बोली परत घेता येते. मग ठेकेदाराने आज सहा हजार लिहावे आणि उद्या बाजार उतरलेला पाहून हात वर करावे, याला आळा कसा घालावयाचा? त्यासाठीच बयाणा रक्कम असते. निविदा अमुक दिवस चालू ठेवीन, त्या मुदतीत मागे घेतल्यास बयाणा जप्त व्हावा, अशी अट ठेकेदाराने मान्य केलेली असते. ती अट न्यायालयांनी उचलून धरलेली आहे. बयाणा न घेता निविदा मागविणे म्हणजे दोरी न लावता बैल बाजारात नेणे होय.

परंतु बयाणा व सुरक्षा ठेव या दोन गोष्टी एक नव्हेत. बयाणा निविदा भरताना घेतात. सुरक्षा ठेव करार झाल्यावर, तो नीट पार पडावा यासाठी घेतात. लष्कराला बटाटे, तसेच कोंबड्या, अंडी व मासळी पुरविण्याचे दोन ठेके घेतलेल्या एका पुरवठादाराची १०,००० व ८,५०० रुपयांची ठेव शासनाने जप्त केली होती. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही ठेव म्हणजे बयाणा नव्हे, आणि नुकसान किती झाले हे दाखविता येण्याजोगे असताना ते न दाखविता ती सबंध जप्त करता येणार नाही. तेव्हा ठेकेदाराने पाने उचलली नाहीत तर किती गोण्या पडून राहिल्या, किती भिजल्या, दुसऱ्याला कोणत्या दराने विकाव्या लागल्या याची तारीखवार नोंद वहीत हवी. ठेव हातात आहे म्हणून स्वस्थ बसू नये.

आता सूचनेच्या मसुद्याकडे वळू. महाराष्ट्रात तेंदूची एक प्रमाण गोणी म्हणजे प्रत्येकी ७० पानांचे १,००० पुडे, म्हणजे ७०,००० पाने. शेजारच्या मध्यप्रदेशात पुडा ५० पानांचा असतो. ठेकेदार दोन्हीकडून येतात. सूचनेत पुड्यातील पानांची संख्या लिहिलेली नसेल तर फळीवर मोजणीच्या वेळी भांडण ठरलेलेच. दराबरोबर पैसे देण्याची मुदतही तितकीच महत्त्वाची आहे. समजा, ४०० प्रमाण गोण्यांसाठी एकाने गोणीस ६,००० रुपये लिहिले, पण रक्कम माल विकल्यावर देईन म्हणाला. दुसऱ्याने ५,७०० लिहिले व माल उचलण्यापूर्वी सर्व रक्कम भरण्याचे मान्य केले. कागदावर पहिला २४,००,००० देतो, दुसरा २२,८०,०००. फरक १,२०,००० रुपयांचा. परंतु पहिल्याने पावसाळ्यात अर्धी रक्कम थकविली तर गावाचे १२ लाख अडकतात. वनहक्काच्या गावांत रॉयल्टी थकल्याच्या तक्रारी वरचेवर ऐकू येतात, त्यांचे मूळ बहुधा या एका वाक्यात असते. याचा उपाय निविदा उघडल्यावर सुचून चालत नाही. ‘रक्कम भरल्याशिवाय वाहतूक परवाना दिला जाणार नाही’ ही अट सूचनेतच हवी. वाहतूक परवाना देणारी समिती ग्रामसभेचीच असते, तेव्हा दाराची किल्ली गावाच्याच कनवटीला आहे. कर कोणी भरावयाचा हेही त्याच सूचनेत लिहावे. १ जुलै २०१७ पासून तेंदूपानावर वस्तू व सेवा कर आला, तेव्हा दर करासह की करावेगळा असे ज्यांच्या कराराने सांगितले नव्हते त्यांना तो प्रश्न चांगलाच जाचला असणार.

काही चलाख निविदाकार आकडा न लिहिता ‘इतर सर्वांहून शंभर रुपये अधिक’ असे लिहितात. अशी निविदा बाजूला ठेवावी. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे १९८५ साली समभागांच्या विक्रीत नेमकी अशीच बोली आली होती. बंद लिफाफ्यांच्या स्पर्धेत दुसऱ्याच्या आकड्यावर स्वार होणारी बोली ग्राह्य नाही, असा निर्णय झाला. दोघांनीही तसेच लिहिले असते तर आकडा कोठे थांबला असता?

लिफाफे ठेवण्याच्या पेटीचेही एक प्रकरण आहे. ब्लॅकपूल नावाच्या इंग्रजी गावी नगरपालिकेने विमानफेऱ्यांच्या ठेक्यासाठी निविदा मागविल्या. मुदत १७ मार्च १९८३ रोजी दुपारी बारापर्यंत होती. एका संस्थेने अकराच्या सुमारास लिफाफा नगरपालिकेच्या पेटीत टाकला, पण बारा वाजता पेटी कोणी उघडलीच नाही आणि निविदा उशिरा आली म्हणून बाजूला पडली. १९९० साली न्यायालयाने नगरपालिकेला जबाबदार धरले. निविदा स्वीकारणे बंधनकारक नसले, तरी मुदतीत व नियमाप्रमाणे आलेल्या निविदेचा विचार करणे बंधनकारक आहे. तेव्हा पेटी मोहोरबंद ठेवावी आणि ठरल्या वेळी हजर असलेल्यांसमक्ष उघडावी. प्रत्येक लिफाफ्यावर उघडणाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात, दर मोठ्याने वाचावेत आणि जागच्या जागी पंचनामा लिहावा. आता मोठ्या शासकीय निविदा संगणकावर ई-निविदा पद्धतीने होतात, तेथे वेळेची नोंद यंत्रच ठेवते. गावच्या पेटीला मात्र माणसांनाच साक्षीदार व्हावे लागते.

याच शब्दाचा आणखी एक कायदेशीर उपयोग आहे, तो शेतकरी बंधूंना फार उपयोगी पडतो पण क्वचितच सांगितला जातो. संविदा अधिनियमाच्या ३८ व्या कलमात करार पार पाडण्याच्या देकाराचा विचार केला आहे. कराराप्रमाणे माल तयार करून आपण योग्य वेळी व योग्य ठिकाणी बिनशर्त देऊ केला, खरेदीदाराला तो पाहून घेण्याची वाजवी संधी दिली आणि त्याने घेतला नाही, तर करार मोडल्याचा दोष आपल्यावर येत नाही व कराराखालील आपले हक्कही बुडत नाहीत. धान असो, बांबू असो, मोहफूल असो, नियम एकच आहे. परंतु देऊ केले होते हे सिद्ध करणे आपल्याकडे लागते. म्हणून ‘माल अमुक दिवशी अमुक फळीवर तयार आहे, येऊन मोजून घ्यावा’ असे पत्र नोंदणी टपालाने, किंवा समक्ष देऊन पोच घेऊन, आधीच पाठवावे. त्या दिवशी सायंकाळपर्यंत कोणी आले नाही तर गावातील दोन जाणत्या माणसांच्या सह्यांनी तसा पंचनामा करावा. पत्राची नक्कल, पोचपावती, पंचनामा, ठेकेदाराची मूळ निविदा व ग्रामसभेचा ठराव हे सर्व कागद एकाच फाईलमध्ये, ओल न लागेल अशा ठिकाणी, निदान करार संपल्यावर तीन वर्षे जपून ठेवावेत, कारण कराराच्या भंगाबद्दल दावा लावण्याची मुदत सामान्यतः तेवढी असते.